मागं डोणी होती

मामा ऑफिसात आले की खुर्चीवर बसायच्या आधी टेबल वाजवून बघायचे. मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटायचं, कान जरा खाली न्यायचा, मान हलवायची आणि मग बसायचं. टेबलच असं नाही. दार, कपाट, पाण्याचा माठ, समोर येईल ते. एकदा माझा टाइपरायटर वाजवून म्हणाले, "ताई, ह्याच्या पोटात काहीतरी सैल झालंय. आसं का बरं व्हावं?" दुसऱ्या दिवशी त्याची स्प्रिंग निघाली.

"आसं का बरं व्हावं?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तक्रारीचा सूर नसायचा त्यात. लहान मूल घड्याळाच्या आत बघतं तसं ते जगाकडं बघायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चारचौघांत ती जरा येडपट वाटतात. मलाही पहिले काही महिने तसंच वाटलं.

ते कुणाचेच मामा नव्हते. स्टेशनच्या टॅक्सीस्टँडवर सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. गाव लासूर स्टेशनच्या पलीकडं. घर मेंढरांवर चालायचं. दुष्काळात आधी चारा संपला, मग पाणी संपलं, आणि उरलेला कळप ज्यानं मागितला त्याला मागेल त्या भावात देऊन हे कुटुंब औरंगाबादला आलं. येताना भांडी, दोन घोंगड्या आणि एक दगडी डोणी आणली. मेंढरांना पाणी पाजायची, चार माणसांनी उचलावी अशी जड डोणी. मेंढरं नव्हती तर ती कशाला आणली, हे मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "इकायला गेलो तर गिऱ्हाईक नव्हतं. मंग म्हणलं, आपल्यासंगं येती तर येऊ दे." शहरात त्यांनी ट्रक धुतले, क्लीनरकी केली, लोकांच्या गाड्या चालवल्या, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर स्वतःची जुनी पांढरी मोटार घेतली. डोणी अंगणात होतीच. गल्लीतल्या शेळ्या आणि कावळे तिच्यात पाणी प्यायचे.

आमच्या घरी तर विकायला मेंढरंही नव्हती. दौलताबादच्या किल्ल्याखाली आई पेरू आणि सीताफळं विकायची. हंगाम संपला की रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. माझ्या आधी आमच्या घरातल्या कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले तेव्हा आईनं पदवीचा कागद आपल्या एकुलत्या एक बऱ्या साडीच्या घडीत ठेवला आणि पुढं दोन लग्नांना ती साडी नेसली नाही, कागद दुमडेल म्हणून. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक आहेच, पण पुढं जे घडलं त्याला त्या पदवीचा उपयोग झाला, म्हणून सांगते.

नोकरी लागली ती उस्मानपुऱ्यात एका विमा एजंटच्या ऑफिसात. ते दिवस भरभराटीचे होते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत भरली होती, वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, शेंद्र्याचंही नाव लोक घ्यायला लागले होते. साहेब लोकांना न्यायला-आणायला गाड्या लागत, मालाला टेंपो लागत, आणि त्या सगळ्यांना विमा लागे. मामांच्या गाडीचा विमाही आमच्याकडंच होता. एजंट साहेब बोलण्यात पटाईत. अर्धं मराठी, अर्धं इथलं हिंदी. मला 'ग्रॅज्युएट मॅडम' म्हणायचे. त्यात किती आदर आणि किती टोमणा, ते दिवसावर अवलंबून असायचं.

दाव्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: अपघात कसा झाला. आमच्या ऑफिसात तो भरायची एक रीतच पडली होती. स्वतःची चूक कुणी कधी लिहायचं नाही. आपल्या चुकीनं गाडी ठोकली तर कंपनी एक पैसा देत नाही, असं एजंट साहेब सांगायचे आणि सगळे मानायचे. मग म्हैस यायची. कुणी खांबाला धडकलेला असो, कुणी शेजाऱ्याच्या ओट्याला, फॉर्ममध्ये म्हैस आडवी आली. आमच्या फायली खऱ्या मानल्या तर या जिल्ह्यातल्या म्हशी चारा सोडून गाड्यांचीच वाट बघत रस्त्याकडेला उभ्या राहत होत्या.

नामांतराचं आंदोलन पुन्हा पेटलं आणि म्हशी मागं पडल्या. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून मोर्चे निघत, बदलू नये म्हणून बंद होत. मधूनच खरोखर काचाही फुटत. पण आमच्या फॉर्ममध्ये फुटलेली प्रत्येक काच दगडफेकीतच फुटायला लागली. 'अज्ञात जमावाने.' तो जमाव कुणाचा, हे वाचणाऱ्याला कळायचं. खेड्यापाड्यांत आमच्या बौद्ध लोकांची घरं जळाली होती, त्या घरांचा विमा कुणी उतरवलेला नव्हता. आणि इथं शहरात गॅरेजच्या पायरीवर फुटलेली काच त्याच लोकांच्या नावावर मांडली जात होती. असे दोन फॉर्म मी स्वतः टाइप केले. महिनाअखेर पगार घेतला. आईनं विचारलं, काम कसं चाललंय, तर म्हणाले, चांगलं.

मग मोर्च्याचा एक दिवस आला. त्या मोर्च्यात मीही होते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडतंय तोच मामा दारात. टेबल न वाजवता खुर्चीवर बसले.

"गाडी मोडली," ते म्हणाले.

एजंट साहेबांनी चहा बाजूला ठेवला. "कुठं?"

"घरीच. गाड्या फोडणारेत आसं स्टँडवर कोनी बोललं. म्हणून दुपारीच घरी आणली. रोज तोंड आत करून लावतो. काल म्हणलं उलटी लावावी, वेळ पडली तर भुरकन काढता यावी. आन मागं घेता घेता डोणीवर घातली. डिकी आत गेली, बंपर वाकला, मागचं एक चाक बी तिरकं झालंय."

वाळूजच्या एका कारखान्याला त्यांची गाडी लागलेली होती. कारखान्यातल्या माणसानं सांगितलं होतं, दोन आठवड्यांत गाडी उभी करा, नाहीतर दुसरी लावतो. ते काम गेलं असतं तर मामा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले असते, त्या वयात. आणि विम्याशिवाय एवढी दुरुस्ती त्यांना झेपणारी नव्हती.

"मामा, सीधी बात आहे," एजंट साहेब म्हणाले. "मोर्च्याच्या दिवशीचं नुकसान. दगडफेक लिहू. बाकी मी बघतो."

"दगडफेक झाली नाय साहेब आमच्याकडं."

"आपको मालूम, मेरे को मालूम. कंपनी को कायकू मालूम?"

"आन खरं लिवलं तर?"

"तर घरी जाऊन भजी तळा. आपल्या हातानं फोडलं तर कोण देतंय?"

आता मामांनी टेबल वाजवलं. "आसं का बरं व्हावं? दगड गाडीकडं आला तर देतेत. गाडी दगडाकडं गेली तर देत नाय. मार तर तेवढाच बसला की."

मला हसू आलं. एजंट साहेबांना नाही आलं. "पोलिसांत एक तक्रार द्यायची. अज्ञात इसमांविरुद्ध. नुसती फॉर्म्यालिटी."

"अज्ञात म्हंजी कोन?"

"म्हणजे कोणी नाही."

"कोनी नाय, तर पोलीस धरतेत कुनाला?"

एजंट साहेबांनी पंख्याकडं बघितलं. मुकुंदवाडीकडं मामांच्या घराला लागूनच बौद्धांची वस्ती होती. तक्रार गेली की पोलिसांची गाडी पहिली कुठं थांबणार, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"उद्या सांगतो," मामा म्हणाले आणि गेले.

उद्याही आले, परवाही आले. निर्णय काही होईना. बायको म्हणते गाडी मोडीत इका. जावई म्हणतो दगडफेक लिवा, सगळेच लिवतेत. हे ते माझ्याजवळ बसून सांगायचे आणि माझ्याकडं बघायचे. 'दगडफेक लिहू नका' हे शब्द अगदी ओठांवर होते. पण मी ते माझ्या लोकांसाठी म्हटले असते, आणि भाकर त्यांची गेली असती. दुसऱ्याच्या भाकरीवर आपला बाणा चालवायला मला कॉलेजनं शिकवलं नव्हतं.

मग मी एक केलं. विम्याची पॉलिसी म्हणून जे बारीक अक्षरांचं इंग्रजी पुस्तक मिळतं, ते उघडलं. ते आमच्या ऑफिसात कुणी कधी वाचलेलं नव्हतं. एजंट साहेबांनी तर नाहीच. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन बसले. कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत, त्याची यादी होती. दारू पिऊन चालवली तर नाही. परवाना नसेल तर नाही. गाडी झिजली, आपोआप बंद पडली तर नाही. मुद्दाम मोडली तर नाही. यादी संपली. तीनदा वाचली, तीनदा तिथंच संपली. चालकाची चूक त्यात नव्हती.

इतकी वर्षं लोकांनी त्या म्हशी उगाचच मध्ये आणल्या होत्या.

मामा आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटं-सुलटं केलं. "कुठं लिवलंय?"

"लिहिलेलं नाही मामा. जे मिळत नाही त्या यादीत ते नाही."

"जे लिवलेलंच नाय, ते तुम्ही वाचलं कसं ताई?"

"तीनदा वाचलं," मी म्हणाले.

"आन तुमचं इंग्रजी चुकलं तर?"

"तर तुमचं काम जाईल."

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते ऐकत असावेत असं वाटलं. मग म्हणाले, "घाला कागद." त्यांना कशानं पटलं, मला माहीत नाही. माझ्यावर एवढा विश्वास ठेवावा असं मी काहीच केलेलं नव्हतं.

मी कागद चढवला. ते सांगत गेले, मी इंग्रजी करत गेले. "गाडी मीच मागं घेत व्हतो. मागं डोणी होती. डोणी मीच बसवलेली. ती तिथं हाये हे मला ठावं व्हतं."

एजंट साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, ठाऊक होतं म्हणून कशाला लिहिता! मुद्दाम केलं असा अर्थ होतो त्याचा!"

हे मात्र त्यांचं खरं होतं. मीही म्हणाले, "मामा, तेवढं वाक्य नको."

"पर ठावं व्हतंच की. वीस वर्स झाली तिला तिथं बसवून. ठावं नव्हतं म्हणलं तर डोणी बी हसंल."

वाक्य राहिलं. मामांनी खाली वळणदार, सावकाश सही केली. एजंट साहेबांनी फॉर्म माझ्या टेबलावर सरकवला. "ग्रॅज्युएट मॅडम, हा क्लेम तुमचा. सर्व्हेअर आला की तुम्हीच जा."

म्हणून मी गेले. सर्व्हेअर म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणारा माणूस. त्याच्या अहवालावर सगळं. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. मामांच्या अंगणात त्यांनी टेप काढली. डोणीची उंची मोजली, डिकीवरच्या पोच्याची उंची मोजली, गाडीखाली वाकून बॅटरी मारली. मग फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून मामांकडं बघितलं.

"डोणी इथं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मुद्दाम घातली?"

"मुद्दाम कोन घालतंय साहेब? लेकरागत गाडी हाये."

"मग मागं का नाही बघितलं?"

मामांची बायको चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती, ती तिथंच थांबली. या एका उत्तरावर सगळं होतं, आणि मला मदत करता येत नव्हती.

"फुडं बघत व्हतो," मामा म्हणाले. "रस्त्याकडनं मोर्चा येतोय का म्हणून. भ्यालो व्हतो. फुडच्याला भिऊन मागचं इसरलो."

हे बोलताना ते सर्व्हेअरकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी मोर्च्यात होते हे त्यांना माहीत होतं. नंतर माझ्याशी बोलल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नाय ताई. पर तुमच्यातल्याच माणसांना भ्यालो, खोटं कशाला बोलू."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्हाला कुणी भितं, हे मला तोवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. आम्हीच भीत आलो होतो.

सर्व्हेअरनं लिहून घेतलं. मग खालचा रकाना. "गाडी ओढून काढायला काही खर्च? क्रेन, टेंपो?"

"नाय. पोरांनी उचलली."

"कुठल्या पोरांनी?"

"मोर्च्यातल्या." मामांच्या तोंडावर अगदी तोच भाव आला, टेबल वाजवताना यायचा तो. "मोर्चा संपवून पोरं वस्तीत चालली व्हती. झेंडे घेऊन. गाडी डोणीवर चढलेली बघितली. मी तर घरात शिरलो, कडी लावली. तर दार वाजवून म्हणतेत, काका, भाईर या, हँडल सरळ धरा. झेंडे भिंतीला टेकवले आन आठ-दहा जनांनी उचलून बाजूला ठिवली. घोटभर पानी पिऊन गेले. आसं का बरं व्हावं साहेब?"

हे त्यांनी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मामा, हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलं नाय. साहेबांनी दगडच इचारले."

मामी तेव्हा पुढं आली. "लाज वाटती त्यांना," ती म्हणाली. "ज्यांना भिऊन कडी लावली, त्यांनीच हाक मारून भाईर काढलं. चार दिवस जेवण गोड लागलं नाय." आणि माझ्या हातात कप दिला. कानाचा कप होता, घरातला बरा. सर्व्हेअरलाही तसलाच दिला. हे मी बघितलं. आमच्यातले लोक हे बघतातच.

सर्व्हेअरनं खर्चाच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं आणि पुढं कंसात इंग्रजीतून आणखी काही खरडलं. मी मान वाकडी करून वाचलं. मोर्च्यातल्या अज्ञात इसमांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. आमच्या फायलींमधला तो एकमेव जमाव असेल, ज्यानं काही फोडलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गॅरेजवाल्यानं अर्धं काम करून गाडी तशीच ठेवली, मंजुरी आल्याशिवाय पुढं हात लावत नव्हता. मामा ऑफिसात यायचे, काही न विचारता बसायचे, जायचे. एजंट साहेब पेपर वाचायचे आणि मध्येच म्हणायचे, "भजी तळायला तेल आणलं का मामा?" मामा हसायचे. मी हसायची नाही. रात्री मला ती यादी आठवायची. कुठं एखादी ओळ सुटली तर नसेल? पुढच्या पानावर काही नव्हतं ना? आपण खडी फोडणारीची मुलगी, आपल्याला इंग्रजी ते किती कळणार, असंही मनात यायचं. ते मी इथं लिहिते, कारण ते खरं आहे.

मुदतीला दोन दिवस राहिले असताना मंजुरीचं पत्र आलं. गॅरेजच्या बिलातली झिजलेल्या सामानाची नेहमीची वजावट सोडली तर सगळी रक्कम. एजंट साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, ते पुस्तक जरा इकडं द्या." मुदतीच्या दिवशी सकाळी मामांची गाडी वाळूजला कारखान्याच्या गेटवर होती. डिकीच्या पांढऱ्या रंगाची छटा जराशी वेगळी आली होती. मामांना तिचंही नवल वाटलं.

पुढं नामांतर झालं, नामविस्तार म्हणून झालं, पण झालं. मामा त्या वर्षी पेढे घेऊन आले नाहीत की काही बोलले नाहीत. नेहमीसारखे येऊन बसले, मी दिलेला पेढा खाल्ला. नंतर कारखान्यानं स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या. मामांनी गाडी विकली आणि लेकीकडं लासूर स्टेशनला राहायला गेले. घर विकतानाही डोणीला गिऱ्हाईक मिळालं नाही, असं ऐकलं.

मी सर्व्हेअरची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. एका टेंपोच्या कामासाठी लासूरला जायचं आलं, तेव्हा मुद्दाम त्यांच्या लेकीचं घर शोधलं. मामांना सांगायचं होतं. लेकीनं दारातच माझ्या हातातली बॅग आणि टेप बघितली. मामा कुठं आहेत विचारलं, तर खाली मान घातली. मामा संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात गेले होते. ओसरीवर त्यांची खाट अजून तशीच होती. चष्मा उशाशी, काड्या मिटून ठेवलेला.

मी चहा घेतला आणि टेंपो बघायला गेले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, म्हैस आडवी आली." मी वही उघडली आणि म्हणाले, "चूक तुमची असली तरी पैसे मिळतात. आता काय झालं ते सांगा."

त्यानं सांगितलं. दावा मंजूर झाला. अहवालावर सही माझी होती.